चौकावरची पॉलिकार्बोनेट शीट: ब्राँझ टाकली तर उष्मा खरंच कमी होतो का?

वऱ्हाडीपाहुणा:
नागपूरचं दुमजली घर. मधल्या चौकावर (10 × 8 फूट) 6 मिमीची पारदर्शक मल्टिवॉल (आतून पोकळ नळ्या असलेली) शीट आहे, जवळपास सपाट. मार्चपासून वरचा मजला भट्टीसारखा तापतो. स्क्रूंभोवती तडे गेलेत, शीटच्या नळ्यांत शेवाळ धरलंय. फॅब्रिकेटर म्हणतो, 10 मिमी ब्राँझ (तपकिरी रंगाची) टाका, ऊन निम्मं होईल. पण जिन्याला दुसरी खिडकी नाही, उजेड हवाच. काय टाकावं?

उन्हाचा_हिशोब:
ब्राँझने डोळ्यांना बरं वाटेल, अंगाला तेवढं नाही. रंगीत शीट ऊन परतवण्यापेक्षा शोषते जास्त. ती स्वतः तापते आणि त्यातली बरीच उष्णता खाली सोडते. म्हणून रंग बघून शीट घेऊ नका, डेटाशीटवरचे दोन आकडे बघा: उजेड किती टक्के आत येतो आणि एसएचजीसी किती, म्हणजे उन्हातल्या उष्णतेचा किती हिस्सा आत येतो. 10 मिमी पारदर्शक शीटमध्ये उजेड साधारण 80 टक्के आणि एसएचजीसी 0.8च्या आसपास असतो. ब्राँझमध्ये उजेड 40 टक्क्यांच्या घरात उतरतो, पण उष्णता मात्र 0.5 च्या पुढेमागेच राहते. म्हणजे उजेड जास्त गमावला, उष्णता त्यामानाने कमी.

तुमचा चौक 7.4 चौरस मीटर. भर दुपारी दर चौरस मीटरला सुमारे 1000 वॅट ऊन पडतं, म्हणजे सध्या जवळपास 6 किलोवॅट उष्णता आत येते. दोन किलोवॅटचे तीन गीझर चालू ठेवल्यासारखं. त्यात मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात सूर्य थेट डोक्यावर येतो, त्यामुळे सपाट छपराला त्याचा पुरेपूर मार बसतो.

जाडी वाढवून हे थांबत नाही. आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे शीटमधून किती उष्णता जाते ते यू-मूल्य सांगतं, कमी तितकं बरं. 6 मिमीचं ते 3.6च्या आसपास, 16 मिमीचं 2.4च्या. एसीची थंडी टिकवायला ते उपयोगी, पण पारदर्शक शीटमधून थेट येणारं ऊन जाडीला फारसं जुमानत नाही. उष्णता परतवणारी, चंदेरी झाक असलेली आयआर शीट मिळाली तर ती बघा. नाहीतर ओपल, म्हणजे दुधी: उजेड साधारण निम्मा, पण पसरलेला, जिन्याला पुरेसा.

गच्चीवरचा_फिटर:
शीट कुठलीही घ्या, जुन्याच पद्धतीने बसवली तर तडे परत जाणार. पॉलिकार्बोनेट दर मीटरला दर अंशाला 0.065 मिमी वाढतं. 8 फुटांच्या शीटवर हिवाळ्यातली रात्र ते मेची दुपार असा 50 अंशांचा फरक धरला तर 8 मिमी झाले. स्क्रूएवढंच भोक पाडून वर कचकचून आवळलं की तिथूनच फाटणार. भोक स्क्रूपेक्षा 3 मिमी मोठं, कडेपासून किमान 40 मिमी आत, रुंद वॉशरखाली ईपीडीएम रबर. पीव्हीसी वॉशर चालत नाही, त्यातलं तेलकट द्रव्य शीटला बारीक भेगा पाडतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉनही नको, न्यूट्रल मागा.

नळ्या उताराच्या दिशेने. फुटाला एक इंच उतार, म्हणजे 8 फुटांना 8 इंच. वरच्या टोकाला बंद अ‍ॅल्युमिनियम टेप, खालच्या टोकाला बारीक भोकांची, जाळीदार. त्यावर यू-प्रोफाइल (इंग्रजी यू आकाराची पट्टी), त्यालाही खाली पाणी निघायला भोकं. टोकं उघडी राहिली की ओल आणि धूळ आत शिरते. शेवाळ आलं ते बहुधा त्यामुळेच, आणि आता ते निघणं कठीण.

तीन शीट, प्रत्येकी सुमारे 1 मीटर रुंद, जोडाला अ‍ॅल्युमिनियम पट्ट्या. खालचे पाइप काळे नकोत. तापलेल्या काळ्या पाइपावर टेकलेली शीट लवकर पिवळी पडते, वरची बाजू पांढरी रंगवा.

वऱ्हाडीपाहुणा:
ओपल 10 मिमी घेतो. आतून पडदा लावला तर आणखी फरक पडेल का?

उन्हाचा_हिशोब:
थोडाच. पडद्यावर पोचेपर्यंत ऊन शीटच्या आत आलेलं असतं. तापलेल्या फरशीतून आणि पडद्यातून निघणारी उष्णता पॉलिकार्बोनेटमधून परत बाहेर जात नाही. सावली बाहेरच हवी: शीटच्या वर फूटभर अंतर ठेवून शेडनेट, मार्च ते जून. नेट शीटला टेकवू नका, मधून वारा खेळला पाहिजे.

आणि छप्पर उचलून दोन समोरासमोरच्या बाजूंना 6 ते 9 इंचांची फट ठेवा, जाळी लावून. गरम हवा वर चढते, तिला वाट मिळाली की वरच्या मजल्यावरचा उष्मा लगेच उतरतो. पाऊस आत येऊ नये म्हणून शीट त्या बाजूंना फूटभर बाहेर काढा.

गच्चीवरचा_फिटर:
फूटभर बाहेर काढलेल्या कडेला खालून आधार द्या, नाहीतर वादळात तीच आधी उचलली जाईल. शिवाय अतिनील किरण अडवणारा थर बहुतेक शीटना एकाच बाजूला असतो आणि शीटला चिकटवलेल्या संरक्षक फिल्मवर तसं छापलेलं असतं. ती बाजू वर. फिल्म बसवल्याबरोबर काढा, उन्हात राहिली की चिकटून बसते आणि मग लोक थिनर घेऊन धावतात. थिनरने शीट संपते. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं, बास.