अहिराणी गाण्याचे व्ह्यूज आणि गीतकाराचा वाटा

प्रश्न असा की अहिराणी गाण्याला लाखोंनी व्ह्यूज येतात, मग गीतकाराला एकरकमी मानधनापलीकडे काही का मिळत नाही. कारण पैसा चॅनेलच्या मालकाकडे जातो. मोठ्या लांबीच्या व्हिडिओच्या जाहिरात उत्पन्नातले 55 टक्के यूट्यूब चॅनेलला देतं. डिस्क्रिप्शनमध्ये नाव असलं म्हणून त्यातला रुपयाही तुमच्याकडे वळत नाही.

खरी मेख धुळ्या-जळगावच्या स्टुडिओत सही होते त्या कागदात. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ दिसलं की पेन खाली ठेवा. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार हक्कांचं हस्तांतर लेखीच लागतं. मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे कोरी जागा तुमच्याच फायद्याची! शिवाय 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला वाटा सोडून देताच येत नाही, सही केली तरी. तो वसूल करायला आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासद व्हा आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा. बरेच जण सभासद होतात, गाणी नोंदवत नाहीत, मग बोंब मारतात.

वरातीत डीजेवर वाजलं त्याचे पैसे डोक्यातून काढा. लग्नाच्या मिरवणुकीला कायद्यानेच सूट आहे.

खानदेशातल्या कानबाई देवीच्या पारंपरिक गाण्यावर मालकी कुणाचीच नाही, पण एखाद्या रेकॉर्डिंगवर असते. तुमच्या स्वतंत्र रेकॉर्डिंगवर कंटेंट आयडीचा (जुळणारं रेकॉर्डिंग आपोआप ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा) क्लेम आला तर 5 दिवसांच्या आत डिस्प्यूट टाका, म्हणजे क्लेमच्या पहिल्या दिवसापासूनची कमाई बाजूला राखली जाते. समोरच्याला उत्तराला 30 दिवस मिळतात. रेकॉर्डिंग तुमचंच असल्याचा पुरावा म्हणून सुट्या ट्रॅकसकट मूळ प्रोजेक्ट फाइल स्टुडिओकडून रेकॉर्डिंगच्याच दिवशी पेनड्राइव्हवर घ्या.