मदत हवी आहे: शाळेच्या रजिस्टरला जुळे झालेले दोन भाऊ, १ जूनला दोघांनाही १८ पूर्ण

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरातल्या एका बालगृहात मी अधीक्षिका आहे. मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नं मनाई आहे, त्यामुळं नावगाव लिहीत नाही. बालगृहात काम करणारे, बाल कल्याण समितीपुढं उभे राहणारे वकील किंवा शाळेत क्लार्क असलेले कुणी इथं असाल तर जरा सवडीनं वाचा.

साडेनऊ वर्षांपूर्वी एसटी स्टँडवर दोन सख्खे भाऊ सापडले. बाल कल्याण समितीच्या आदेशात वयं आहेत, अंदाजे ८ आणि ६. थोरल्याला तिसरीत घातलं, धाकट्याला पहिलीत. जन्माचा दाखला नव्हताच. शाळेनं रीतीप्रमाणं १ जून लिहिला, आमच्या निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जूनच असतोय. पण जनरल रजिस्टरला दोघांचं सालसुद्धा एकच पडलं, थोरल्याचं. आम्हीही तेव्हा तपासलं नाही.

पहिलं वर्ष आजारपणात गेलं म्हणून धाकटा पुन्हा पहिलीत बसला. आता नववीत आहे. येत्या १ जूनला कागदावर तो १८ चा होतोय आणि मला त्याला बालगृहात ठेवता येणार नाही. अजून मिसरूड फुटलेलं नाही हो त्याला. रात्री लाईट गेली की भावाच्या अंथरुणात जाऊन झोपतोय.

शाळा म्हणते, समितीचा आदेश आणा, मग शिक्षणाधिकाऱ्यांकडं प्रस्ताव पाठवतो. दुसरीकडं विचारलं तर म्हणतात, आधी शाळेची नोंद बदला. वयाची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी म्हटलं, तर कलम ९४ आडवं येतंय. त्यात आधी शाळेचा किंवा बोर्डाचा दाखला धरतात, तो नसेल तर महापालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. इथं शाळेचा दाखला आहे, फक्त तो चुकीचा आहे.

त्याच कलमात पुढं असंही आहे की समितीनं नोंदवलेलं वय त्या कायद्यापुरतं खरं धरायचं. मग पहिल्या आदेशातलं "अंदाजे ६" चालतं का? की "अंदाजे" शब्दामुळं अडेल? असा आदेश कुणी मिळवला असेल तर अर्ज कसा लिहिला होता, तेवढं सांगा.

माझ्याकडं पुरावा म्हणून दाखल झाल्या दिवशीची सीपीआर या सरकारी दवाखान्यातली तपासणी आहे. एकाचं वजन १९ किलो, दुसऱ्याचं १४. आणि त्याच दिवशीचा फोटो. त्यात थोरल्याचे पुढचे दात नवे, मोठे आलेत, आणि धाकट्याचे खालचे दोन नुकते पडलेत. जुळ्या भावांचं असं असतं का? दातांच्या डॉक्टरांनी त्या फोटोवरून लेखी मत दिलं तर समितीपुढं उपयोग होईल का?

घाई यासाठी की दुरुस्ती मूल शाळेत असेपर्यंतच होते. पुढच्या वर्षी दहावीचा फॉर्म याच तारखेनं गेला की बोर्डाच्या सर्टिफिकेटवर तेच साल छापून येणार. अनाथ प्रमाणपत्राचंही काम चालू आहे, १ टक्का आरक्षणासाठी. तिथंही हीच तारीख जाईल.

थोरल्याचं एवढंच. तो आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाला आहे, परीक्षा १ जूननंतर. कलम ४६ खाली अनुरक्षणासाठी, म्हणजे १८ नंतरच्या आधारासाठी, अर्ज केलाय. पण अनुरक्षणगृह लांबचं मिळालं तर आयटीआय सुटेल. त्याऐवजी इथंच खोली घेऊन आर्थिक मदत मिळवलेली मुलं कुणाच्या पाहण्यात आहेत का? शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत राहायच्या सोयीसकट अप्रेंटिस घेणारं कुणी असेल तर तेही कळवा.

धाकट्याला यातलं अजून काही सांगितलेलं नाही. थोरल्याला माहीत आहे. परवा येऊन म्हणाला, "ताई, मी जातो, पण त्याचं साल तेवढं बदला."

समितीपुढं अर्ज सोमवारी द्यायचा आहे. त्याआधी कुणी मसुदा बघून दिला तर फार उपकार होतील. व्यक्तिगत निरोप पाठवा, नावं खोडून कागद दाखवते.