मदत हवी आहे: गाडी 35 मिमी खाली घेतली, अँटी-रोल बारचा लिंक रॉड आखूड घ्यावा की लांब?

नमस्कार मंडळी,

माझी आठ वर्षे जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) आणि मागे टॉर्शन बीम अशी तिची नेहमीची रचना आहे. दोन महिन्यांपूर्वी चारही स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बर बदलून मी गाडी 35 मिमी खाली घेतली आणि लगेच अलाइनमेंटही करून घेतले. तेव्हापासून सोसायटीच्या फाटकातला गतिरोधक तिरका ओलांडला की पुढच्या उजव्या बाजूने धातूवर धातू आपटल्यासारखा एकच ‘टण्ण’ आवाज येतो. दोन्ही चाके एकदम चढवली तर मात्र काहीच ऐकू येत नाही.

रॅम्पवर चाके लोंबकळत असताना सगळे ठीक दिसले. मग गाडी गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर चाकांवर उभी करून खालून पाहिले, तेव्हा कारण सापडले. अँटी-रोल बारचा (वळणावर गाडी फार कलू नये म्हणून दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारा पोलादी दांडा; आमचा मेकॅनिक त्याला बॅलन्स रॉड म्हणतो) टोकाकडे वळलेला हात ड्राइव्ह शाफ्टच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) वरून जातो, आणि त्या दोहोंमध्ये आता माझी करंगळीसुद्धा शिरत नाही. शाफ्टवरचा रंग खरवडून बांगडीसारखी चकचकीत कडी उमटली आहे आणि बारच्या खालच्या अंगाला नखाएवढा सपाट चट्टा पडला आहे.

प्रश्न लिंक रॉडच्या लांबीचा आहे. मूळ रॉड 290 मिमीचा असून त्याचे वरचे टोक स्ट्रटला आणि खालचे बारच्या हाताला जोडलेले आहे. मेकॅनिकच्या मते तो 35 मिमी लांब घ्यावा, म्हणजे बार पूर्वीच्या जागी येईल. सुट्या भागांचा दुकानदार मात्र ठामपणे सांगतो, की खाली घेतलेल्या गाडीला आखूडच रॉड लागतो. दोघेही अनुभवी आहेत, म्हणून मी कागदावर आकृती काढून पाहिली. गाडी खाली आली म्हणजे बॉडीच्या मानाने चाक, स्ट्रट आणि शाफ्टचे बाहेरचे टोक वर गेले. स्ट्रटने लिंक रॉडमार्फत बारचे टोकही वर ओढले. रॉड लांब केला तर बार खरोखरच पूर्वीसारखा आडवा होईल, पण शाफ्ट तर वर आलेलाच राहणार आणि त्यामुळे बार उलट शाफ्टवरच टेकेल. माझा हा तर्क बरोबर आहे का? शिवाय हाताचा कोन बदलल्याने बारचा जोर कमी होतो असे वाचले आहे. ते कितपत खरे आहे?

प्रतिसाद:

आपला तर्क बरोबर आहे. दुकानदाराचा नियम आपल्या गाडीपुरता लागू पडतो, पण तो सरसकट खरा नाही. लिंक रॉड लोअर आर्मला (चाकाला खालून बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याला) जोडलेला असेल, तर गाडी खाली आल्यावर तो बारला खालून वर ढकलतो आणि बार आडवा करण्यासाठी आखूड रॉड लागतो. स्ट्रटला जोडलेला असेल, तर त्याच कामासाठी लांब रॉड लागतो. मात्र आपल्याला बार आडवा करायचा नसून शाफ्टपासून दूर न्यायचा आहे, म्हणून रॉड आखूडच हवा.

जोर कमी होण्याची भीती बरीच फुगवून सांगितली जाते. हाताची लांबी साधारण 250 मिमी धरली, तर 35 मिमीने त्याचा कोन सुमारे आठ अंशांनी बदलतो आणि त्या कोनाची कोसाइन 0.99 आहे, म्हणजे जोर जेमतेम एक टक्का घटतो; हा फरक गाडी चालवताना जाणवणार नाही. दोन्ही बाजू सारख्याच खाली आल्याने बार पिळलाही जात नाही, तो आपल्या बुशांमध्ये (रबरी आधारांमध्ये) नुसता फिरतो. एकच चाक वर गेले की मात्र तो पिळला जातो, हात किंचित वाकून मधला भाग खाली राहतो आणि शाफ्ट त्याला गाठतो. आपला आवाज तिरक्या गतिरोधकावरच येतो तो म्हणूनच.

शाफ्ट हाताच्या मध्याखालून जात असेल, तर रॉड 20 मिमी आखूड केल्यावर तिथे फक्त 10 मिमी जागा मिळते. म्हणून आधी मोजावे: दोन्ही लिंक रॉड जोडलेले ठेवून उजव्या बाजूची स्प्रिंग काढावी, हब (चाक बसते तो भाग) जॅकने बंप स्टॉपपर्यंत (चाकाची वरची हालचाल थांबवणाऱ्या रबरी अडथळ्यापर्यंत) उचलावा आणि शाफ्ट बारला कुठे टेकतो ते पाहावे. लांबी कमीजास्त करता येणारे रॉड घ्यावेत. ते बसवताना गाडी सपाट जमिनीवर चाकांवर असावी आणि शेवटचा बोल्ट हाताने सरकून आत जावा. जोर लावावा लागला तर दोन बाजूंची लांबी जुळलेली नाही आणि बार उभ्या गाडीतच पिळलेला राहील. लोअर आर्मचे बुशही रॅम्पवर आवळले असतील, तर ते सैल करून चाकांवर पुन्हा आवळावेत.

मूळ धागाकर्ता:

मनःपूर्वक आभार. आज स्प्रिंग काढून मोजले. बंप स्टॉप पूर्ण दबण्याच्या 6 मिमी आधीच शाफ्ट बारला टेकतो, आणि तो हाताच्या जवळजवळ मध्याखालूनच जातो. म्हणजे 20 मिमीने जेमतेम 4 मिमी हाती उरतात, आणि हात वाकतो हे लक्षात घेता ते मला अपुरे वाटतात. रॉड 260 मिमीवर आणला, तर हाताचा कोन पंधरा अंशांपर्यंत जाईल. रॉडच्या बॉल जॉइंटला तेवढा कोन चालेल का, की गाडीच 10 मिमी वर घ्यावी?