इंग्रजीतील नवे स्लँग शब्द नेमके कसे घडतात?

मृण्मयी_आर यांचा प्रश्न

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. ‘रिझ’ (भुरळ घालण्याची हातोटी), ‘घोस्ट करणे’ (काही न सांगता एखाद्याशी संपर्क तोडणे), ‘अनअलाइव्ह’ (मरणे किंवा मारणे) असे स्लँग, म्हणजे अनौपचारिक बोलीतले, शब्द विद्यार्थ्यांच्या बोलण्यात आता सर्रास येतात. त्यांचे अर्थ आंतरजालावर सहज सापडतात. मात्र हे शब्द घडण्यामागे काही पद्धत आहे की ते वाटेल तसे जन्माला येतात, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. माझे काही सहकारी या सगळ्या प्रकाराला नव्या पिढीचा आळस म्हणतात. ते मला पटत नाही, पण खोडून काढण्याइतकी माहितीही हाताशी नाही. जाणकारांनी कृपया लिहावे.

जुना_वाचक

मृण्मयीताई, पद्धत आहे, आणि ती बरीच जुनी आहे. ‘करिझ्मा’ या शब्दाचे डोके आणि शेपूट दोन्ही छाटून जो मधला तुकडा उरला, तो ‘रिझ’. आंतरजालावर थेट प्रक्षेपण करणारे अमेरिकी स्ट्रीमर काय सेनाट (Kai Cenat) यांच्यामुळे तो सर्वदूर पसरला आणि ऑक्सफर्डने त्याला २०२३ चा ‘वर्षाचा शब्द’ ठरवले. शब्दाची सुरुवात ठेवून बाकीचा भाग टाकून देणे ही इंग्रजीची नेहमीची सवय आहे. ‘फॅनॅटिक’चा ‘फॅन’ तसाच झाला. शेवट ठेवण्याचे प्रमाण त्याहून कमी, जसे ‘ऑम्निबस’ची ‘बस’. मधलाच भाग उचलणे सर्वांत विरळ, तरीही ‘इन्फ्लुएन्झा’तून ‘फ्लू’ याच रीतीने निघाला आणि त्याला आज कोणी स्लँग म्हणत नाही.

असा तुकडा एकदा रुळला की मूळ शब्दाचे ओझे न बाळगता तो आपल्या पायांवर चालू लागतो. ‘रिझ’चे लगोलग ‘रिझ अप’ असे क्रियापद झाले, म्हणजे बोलण्याने एखाद्याला भुरळ घालणे. ‘करिझ्मा’ला हे कधी जमले नव्हते.

आता आळसाच्या आरोपाविषयी. व्यंगलेखक जोनाथन स्विफ्टने १७१० मध्ये ‘टॅटलर’ या नियतकालिकात नेमकी हीच तक्रार केली होती. ‘रेप्युटेशन’चा ‘रेप’, ‘पॉझिटिव्ह’चा ‘पॉझ’ आणि लॅटिन ‘मोबिले व्हल्गस’, म्हणजे चंचल जमाव, याचा ‘मॉब’ अशी काटछाट करणाऱ्यांवर तो संतापला होता आणि ‘मॉब’ व ‘बँटर’ या शब्दांचा प्रसार रोखण्यासाठी आपण शर्थ केल्याचे त्याने लिहिले आहे. ‘पॉझ’ लयाला गेला. ‘मॉब’ मात्र आज न्यायालयीन निकालांतही निःसंकोच वापरला जातो. सहकाऱ्यांपुढे हा दाखला जरूर ठेवा.

कावेरी_पुणे

वरील प्रतिसादात आद्याक्षरांचा उल्लेख राहून गेला आहे. ‘एलओएल’ (‘लाफिंग आउट लाउड’, मोठ्याने हसणे) किंवा ‘फोमो’ (‘फिअर ऑफ मिसिंग आउट’, काही हुकण्याची धास्ती) यांसारखे शब्द ही मोबाइलची देणगी आहे असे मानले जाते. परंतु १८३० च्या दशकाच्या अखेरीस बॉस्टनच्या वृत्तपत्रांत मुद्दाम चुकीच्या वर्णलेखनावरून विनोदी संक्षेप करण्याची टूम निघाली होती. ‘ऑल’ची सुरुवात ‘ओ’ने आणि ‘करेक्ट’ची ‘के’ने करून बनवलेला ‘ओके’ २३ मार्च १८३९ च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये छापून आला. त्या टुमेतले बहुतेक संक्षेप विस्मृतीत गेले. ‘ओके’ला मात्र १८४० च्या अध्यक्षीय निवडणुकीने तारले, कारण तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष व उमेदवार मार्टिन व्हॅन ब्युरेन यांचे टोपणनाव ‘ओल्ड किंडरहूक’ असल्याने त्यांच्या समर्थकांनी तीच दोन अक्षरे घोषणेसाठी उचलली. शब्द टिकण्यात गुणांपेक्षा योगायोगाचा वाटा मोठा असतो, असे माझे मत आहे.

तळटीप

साचे जुने आहेत हे मान्य. पण ‘अनअलाइव्ह’ला मी त्याच रांगेत बसवणार नाही. मृत्यू किंवा आत्महत्या यांसाठीचे सरळ शब्द वापरल्यास टिकटॉकसारख्या मंचावर आपली चित्रफीत दाबली जाईल, या धास्तीने लोक हा शब्द वापरू लागले. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या ईस्ट एंडमध्ये ‘लुक’साठी यमक जुळणारे ‘बुचर्स हुक’ घ्यायचे आणि ज्यात यमक आहे तो ‘हुक’च गाळून ‘हॅव अ बुचर्स’ (जरा बघ) म्हणायचे, अशी रीत पडली. त्यामागच्या मूळ हेतूविषयी मतभेद आहेत, पण शेजारी उभ्या असलेल्या परक्याला काही उमगत नसे एवढे खरे. ‘अनअलाइव्ह’ पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही कळतो, आणि कळायलाच हवा. चकवायचे असते ते केवळ यंत्राला. शब्द घडण्याचे हे कारण मला खरोखरच नवे वाटते.

मृण्मयी_आर

सर्वांचे मनापासून आभार. ‘घोस्ट करणे’ हा नामधातूचा, म्हणजे नामापासून बनलेल्या क्रियापदाचा, प्रकार समजावा का? आणि हे शब्द मुळात घडवते कोण?

गोदाकाठ

होय, तो नामधातूच आहे. मराठीत ‘लाथ’चे ‘लाथाडणे’ करताना प्रत्यय लावावा लागतो; इंग्रजीत नाम जसेच्या तसे क्रियापदाच्या जागी बसते, म्हणून हा मार्ग तेथे सर्वांत स्वस्तात पडतो.

घडवणारे बहुधा मुख्य प्रवाहाच्या कडेला राहणारे गट असतात. ‘वोक’ (सामाजिक अन्यायाविषयी जागरूक) आफ्रिकन-अमेरिकन बोलीतून आला. ‘शेड’ (आडून मारलेला टोमणा) आणि ‘स्ले’ (झकास कामगिरी करणे) यांचे आजचे अर्थ न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय व लॅटिनो समलिंगी समाजाच्या बॉलरूम संस्कृतीतून, म्हणजे त्यांच्या नृत्य-वेशभूषा स्पर्धांच्या मेळ्यांतून, पुढे आले. श्रेय मात्र ‘जेन झी’च्या खात्यावर जमा होते, हे मला खटकते.

सैनिक हाही असाच एक गट. नोकरीची मुदत संपलेले ब्रिटिश सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत नाशिकजवळच्या देवळाली छावणीत राहत. जहाजे ठरावीक हंगामातच सुटत, त्यामुळे अवेळी पोहोचलेल्याला तेथे उकाड्यात महिनोन्महिने रिकामे बसावे लागे. त्यातून येणाऱ्या भ्रमिष्टपणाला ते ‘डूलॅली टॅप’ म्हणू लागले. पहिला शब्द देवळालीचा अपभ्रंश आणि दुसरा आपला ‘ताप’. कालांतराने ‘टॅप’ गळून पडला, आणि एकटा ‘डूलॅली’ ब्रिटनमध्ये आजही डोके फिरलेल्या माणसासाठी वापरला जातो. उसनवारी, अपभ्रंश, अर्थबदल आणि काटछाट ही चारही कामे या एका शब्दावर झालेली असल्यामुळे वर्गात फळ्यावर मांडण्यासाठी हे उदाहरण सोयीचे पडेल, विशेषतः आपले महाविद्यालय नाशिकच्या बाजूला असल्यास.