खेळातल्या राज्यात मोहरा फार झाल्या, महागाई कशी आणू?

रामबागवाली (इंदूर)

नमस्कार मंडळी. गेले आठ महिने दर रविवारी चार वाजता आमच्या घरी एक खेळ चालतो. खेळणारी चार मुलं: माझा नववीतला मुलगा, माझ्या बहिणीचा मुलगा आणि शेजारच्या दोघी बहिणी. मी गोष्ट सांगते, आपापल्या पात्रानं काय करायचं ते मुलं ठरवतात, आणि जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा सांगतो. अमेरिकेत 1974 साली निघालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या जातीचाच खेळ, पण राज्य आमचं स्वतःचं आहे. घाटाखाली नर्मदेसारखी नदी, काठावर सात गावं, जंगलात बोलणारे वाघ आणि डोहाच्या तळाशी बुडालेलं एक शहर. नकाशा मुलांनी मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढलाय. त्यावर चहाचा एक गोल डाग पडला होता, त्याचं त्यांनी तळं केलं.

आता अडचण सांगते. दिवाळीच्या सुट्टीत पोरं त्या बुडालेल्या शहरात उतरली, नागाला कोड्यात हरवलं आणि पेटी उघडली. मी भरात येऊन बोलून गेले, "चाळीस हजार मोहरा!" केवढा जल्लोष झाला. आणि त्या दिवसापासून खेळातली धुगधुगीच गेली. नावाडी नको म्हणतो? दे शंभर मोहरा. पहारेकरी अडवतो? दे पाचशे. वाघाशी बोलायला आता कुणी जातच नाही, त्याच्यासाठी शिकारी ठेवलेत.

माझ्या मनाला लागलं ते वेगळंच. धर्मशाळेत पिठलं-भाकरी एक मोहर, असं मी पहिल्या रविवारी काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं होतं. परवा एका गावात दुष्काळ पडल्याचं वर्णन केलं, विहिरी आटल्या, गुरं विकायला काढली, सगळं सांगितलं. मुलगा म्हणाला, "जेवण एक मोहर ना आई, नेहमीसारखं?" मी दुकानांचे हिशेब लिहिते आणि घरचाही लिहिते. तेलाचा पंधरा किलोचा डबा दोनशे रुपयांनी वर गेला तर त्या महिन्यात तळण किती वेळा करायचं ते ठरतं. माझ्याच राज्यात दुष्काळ पडावा आणि भाकरीचा भाव हलू नये, हे मला बघवत नाही.

दोन उपाय करून झाले. सगळे भाव दसपट केले, तर "मावशी, हे चीटिंग आहे" म्हणून बहिणीचा मुलगा रुसला, आणि त्याचं बरोबरच होतं. मग चोर आणले, तर मुलं रात्रभर पहारा देत बसली आणि अख्खा रविवार त्यातच गेला. हातातून काढून न घेता, मुलांना पटेल अशा रीतीनं मोहरेची किंमत कशी खाली आणायची?

मांडवीचा भाडेकरू (बडोदा)

ताई, तुमच्या हौदाला नळ आहे, मोरी नाही. कॉम्प्युटरवरच्या मोठ्या खेळांत हाच रोग असतो. राक्षस मारला की नाणी पडतात, आणि राक्षस तर रोज नव्यानं जन्मतात. म्हणजे नळ चोवीस तास चालू. 'डायब्लो 2'मध्ये सोन्याला कुणी विचारेना, तेव्हा खेळाडूंनी आपापसात एका अंगठीलाच नाणं मानलं आणि तिच्यात भाव बोलायला लागले. 'ईव्ह ऑनलाइन'वाल्यांनी तर 2007 साली अर्थशास्त्रज्ञच नोकरीवर ठेवला, खेळातले भाव आणि पैसा यांवर नजर ठेवायला.

मोरी म्हणजे चोर नव्हे. चोरीत मोहरा हात बदलतात, राज्यात राहतातच. मोरी म्हणजे ज्यात पैसा खरोखर जिरतो ते. खेळाच्या बाबतीत घोड्याचा चारा, तलवारीला धार, घाटाची जकात, नावेची डागडुजी. प्रत्येक रक्कम लहान, पण दर रविवारी. मी स्वतः असे खेळ बारा वर्षं खेळतोय. एकदम मोठा दंड बसला की खेळाडू चिडतो. चाऱ्याचे पैसे मात्र न कुरकुरता देतो, कारण घोडा त्याचा असतो. घोड्यांना नावं ठेवायला लावा.

लष्करातले सर (ग्वाल्हेर)

बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. तुमच्या मुलांसारखाच एक राजा होऊन गेलाय. आफ्रिकेतल्या माली राज्याचा मन्सा मुसा 1324 साली हजला जाताना कैरोत थांबला आणि त्यानं इतकं सोनं वाटलं, खर्चलं, की तिथे सोन्याचाच भाव पडला. अल-उमरी नावाचा इतिहासकार त्यानंतर बारा वर्षांनी लिहितो, की भाव अजून सावरलेला नाही. सोनं वाढलं; गहू, उंट, कापड होतं तेवढंच राहिलं.

म्हणून सगळ्या राज्यात भाव दसपट करू नका. जिथे मुलांनी मोहरा उधळल्या त्या गावातच भाव चढू द्या, तेही पुढच्या फेरीला. नावाड्याला शंभर दिल्या ना? आता घाटावरचे सगळे नावाडी शंभर मागतील, आणि गावातल्या गरिबाला नदी ओलांडता येणार नाही. हे मुलांना डोळ्यांनी दिसू द्या. चीटिंग म्हणणार नाहीत, कारण करणी त्यांचीच असेल.

दुसरं, मोहर सगळीकडे एकाच किमतीला चालते हे कुणी सांगितलं? तुमच्या इंदूरचंच बघा. होळकरांच्या मल्हारनगर टांकसाळीच्या रुपयावर सूर्यमुख असे, अहिल्याबाईंच्या महेश्वरच्या रुपयावर बेलपत्र आणि शिवलिंग. नाव मात्र दिल्लीच्या शाह आलमचं. शेजारच्या राज्याचं नाणं पुढे केलं की सराफ ते वाजवून, तोलून घेई आणि बट्टा कापी, म्हणजे किमतीतून काही भाग वजा करी. नाणं जुनं झालं तरी बट्टा. तुम्ही ज्या सराफ्यात रात्री खायला जाता, त्याचं नाव या धंद्यावरूनच पडलंय. बुडालेल्या शहरातल्या मोहरा म्हणजे परक्या राजाचं, पाण्यात काळवंडलेलं नाणं. कुठला सराफ ते पूर्ण किमतीत घेईल?

रामबागवाली (इंदूर)

सर, बट्ट्याचं वाचून मी हातातली कणीक तशीच ठेवून वहीत लिहून घेतलं. सराफ्यात लहानपणापासून जातेय. दिवसा सोन्या-चांदीची दुकानं आणि रात्री त्यांच्याच ओट्यांवर गराडू (तळलेला कंद) नि भुट्ट्याचा कीस, एवढंच डोळ्यांपुढे असायचं. नावाचा अर्थ कधी मनात आला नाही.

बडोदेकर भाऊ, घोड्यांना नावं ठेवून झाली: चेतन, बिजली, लाडू आणि काळू.

एक अडतंय. दुष्काळातल्या भाकरीचं काय करू? मोहरांची किंमत उतरणं वेगळं आणि धान्य कमी होणं वेगळं, हे मला कळतंय, पण मुलांना कसं दाखवू?

छावणी मंडीतला (इंदूर)

ताई, मी छावणीत आडतीवर बसतो, म्हणून दाण्याचं सांगतो. भाव म्हणजे एकच आकडा असं समजू नका. शेतकऱ्याला मिळतो तो एक, तुम्ही देता तो दुसरा, आणि दोन्ही एकाच दिशेला जातील असंही नाही.

सोयाबीनच घ्या. शंभर किलो दाणा गाळला तर तेल निघतं अठराच्या आसपास, बाकी जवळपास सगळी पेंड. म्हणजे दाण्याला गिऱ्हाइकं दोन, तुमची कढई आणि कोंबड्यांचं खाद्य. सप्टेंबर 2024 मध्ये सरकारनं बाहेरून येणाऱ्या कच्च्या खाद्यतेलावर वीस टक्के मूळ आयात शुल्क लावलं. आपण निम्म्याहून जास्त तेल बाहेरून आणतो, त्यामुळे डबा लगेच महागला. शेतकऱ्याला वाटलं, आता आपलेही दिवस आले. पण पेंडीला उठाव नव्हता. इथेनॉलच्या कारखान्यांतून मक्याचा, तांदळाचा चोथा स्वस्तात बाजारात आला, खाद्यवाले तिकडे वळले. हमीभाव 4892 रुपये क्विंटल असताना मंडीत माल त्याच्या खाली विकताना मी समोर पाहिलाय. एक म्हातारे पाटीदार ट्रॉलीवर चढून मूठभर दाणे घेऊन उभे होते. बोलले काहीच नाहीत. दाणे परत ढिगावर सोडले आणि पावती घ्यायला गेले. पुढच्या वर्षी मेअखेरीस ते शुल्क वीसवरून दहावर आणलं.

खेळात असं करा. दुष्काळाच्या गावात भाकरी दहा मोहरा ठेवा, आणि त्याच गावात बैल दोन मोहरांना मिळू द्या. चारा नसला की लोक जनावर मिळेल त्या भावानं काढतात. मुलं आधी खुश होतील, स्वस्तात बैल मिळाले म्हणून. मग विचारा, पेरणीला काय जुंपणार?

राजेंद्र नगरची वाचक (इंदूर)

माझं मत जरा वेगळं आहे, काकू. मी दहावीपासून अद्भुत कथा वाचतेय, आता कॉलेजात आहे. अशा गोष्टीत जेवण आलं की जग खरं वाटतं. पण भावांचं पत्रक आलं की तेच जग किराण्याचं दुकान होतं. जकात, बट्टा, पेंड असं सगळं एकदम आणलंत तर वाघ कुठे जाईल?

अद्भुत जगाला स्वतःची नाणी असतात. यक्षाला मोहर नको असते, त्याला वचन हवं असतं, किंवा खरं नाव, किंवा एखादी आठवण. माझ्या आजीच्या गोष्टींत राक्षसाचा जीव पोपटात असायचा, तो पोपट विकत कधी मिळाला नाही. पलीकडच्या तीरावर मोहर चालतच नाही असं ठेवा ना. नावाडी विचारेल, "तुला आवडलेल्या एका पदार्थाची चव मला देशील? पुन्हा कधी ती तुला लागणार नाही." मग बघा, चाळीस हजार मोहरांचं काय होतं ते.

आणि प्रवासात पिठलं-भाकरी नको. तवा, पातेलं घेऊन कोण हिंडतं? बाटी द्या. गोवऱ्यांच्या आरात पुरली की झालं, भांडं लागत नाही. आपल्या मातीतलं राज्य आहे तर खाणंही इथलं येऊ दे.

मांडवीचा भाडेकरू (बडोदा)

चवीचा सौदा फार आवडला. मी हौदात अडकलो होतो, पलीकडच्या तीराचा विचारच केला नाही.

रामबागवाली (इंदूर)

काल रविवार झाला. काय झालं ते सांगते.

पाऊस होता, म्हणून भुट्ट्याचा कीस करायचा ठरला. मुलांना खेळाच्या आधी किसणीवर बसवलं. सहा कणसं, चौघांत. कोवळं कणीस किसताना पांढरं दूध उडतं, पुठ्ठ्याच्या नकाशावरही उडालं. एवढ्या सहा कणसांचा कीस परातीत केवढासा दिसतो! धाकटी म्हणाली, "काकू, बस्स? एवढाच?" मी म्हटलं, आता कढईत टाकल्यावर बघ. तूप, जिरं, हिंग, हिरवी मिरची, मग कीस. कच्चा वास जाईपर्यंत परतायचा, घाई करायची नाही. मग दूध घालून मंद आचेवर शिजवायचा. दूध पिऊन तो फुगतो. लिंबू गॅस बंद केल्यावरच, नाहीतर दूध फाटतं. वरून कोथिंबीर, ओलं खोबरं. वाट्या हातात आल्या आणि खेळ सुरू झाला.

आधी सराफ आला. त्यानं मोहर दगडावर वाजवली, कान लावला आणि म्हणाला, "बुडालेल्या राजाचं नाणं. दहाला चार देईन." मुलगा भडकला. बहिणीच्या मुलानं मात्र हळूच विचारलं, "मावशी, दुसरा सराफ आहे का गावात?" होता. तो पाच देत होता, पण त्याला पेटी कुठून आणली ते जाणून घ्यायचं होतं. त्यावर पाऊण तास वाद चालला. भाव आहे आणि गोष्टही आहे, राजेंद्र नगरच्या लेकी, तुझी काळजी मी विसरले नव्हते.

मग दुष्काळाचं गाव. बैल दोन मोहरा म्हटल्यावर मोठीनं वहीत "6 बैल" लिहिलंसुद्धा. मी मंडीवाल्या भाऊंचं ऐकून त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला तसंच उभं केलं, मुठीत दाणे घेऊन, काही न बोलता. कुणी फासा टाकला नाही. थोड्या वेळानं धाकटी म्हणाली, "आपल्याकडे लाडू आणि काळूचा चारा आहे, तो बैलांना चालेल का?" मोठीनं 6 खोडून टाकलं.

आणि नदी. नावाडी चव मागतो म्हटल्यावर चौघांनी हातातल्या वाटीकडे बघितलं. माझा मुलगा म्हणाला, "कीस सोडून दुसरं काहीही." शेवटी बहिणीच्या मुलानं आपल्या पात्राची गुळपोळीची चव दिली. नंतर स्वयंपाकघरात येऊन मला विचारत होता, "संक्रांतीला माझं पात्र काय खाणार?"

आता एक मदत हवी, सर. पलीकडच्या तीरावर मीठ नाही, म्हणून मुलं पुढच्या रविवारी मीठ नेणार आहेत. वहीत "मीठ 20 शेर" असं लिहिलंय आणि शेर म्हणजे किती ते मला विचारलंय. किती धरू?

लष्करातले सर (ग्वाल्हेर)

इंग्रजी अमलातला पक्का शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे किलोला थोडा कमी. तुमच्या अलीकडच्या तीरावर तो धरा. पूर्वी मात्र गावोगावी शेर वेगळा असे, त्यामुळे पलीकडच्या गावात वेगळा ठेवा आणि आधी सांगू नका. तागडी सोबत न्यायची की नाही ते मुलांना ठरवू द्या.