सगळ्यांना एकच स्क्रीन दाखवली की विमानं वेळेवर सुटतात म्हणे!

रॅम्पवाला: परवा इथं एकानं लिहिलं, "विमान कंपनी, विमानतळ आणि एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण), तिघांना एकच डॅशबोर्ड द्या, मुंबईतला निम्मा उशीर आपोआप जाईल." अहो, विमानतळांवरची ए-सीडीएम यंत्रणा म्हणजे तेच की! म्युनिकला 2007 पासून आहे, मुंबईतही आहे. स्क्रीनवर टीओबीटी, म्हणजे विमान गेटवरून निघायला तयार असण्याची वेळ, दिसतो खरा, पण भरतो कोण? कंपनीचाच माणूस. बॅगा बेल्टवर असताना 18:40 ठोकून देतो, कारण वेळ पुढे ढकलली की रांगेतला नंबर गेला. मग टीसॅटही, म्हणजे इंजिन सुरू करायला मिळणारी वेळ, त्याच थापेवरून निघतो. डोंबलाचं डिझाइन!

पिक्सेलपंत: नंबर जाईल ही भीती, हाच डिझाइनचा दोष. वेळ बदलली तर नवा टीसॅट काय येईल ते आधीच दाखवा, लोक खरं भरतील. शेवटचा बदल कुणी केला तेही दिसू दे.

रॅम्पवाला: म्हणजे आमचं नाव लाल रंगात, चारचौघांत! मे महिन्यात एक दिवस रॅम्पवर, विमानांपाशी, उभे राहा, मग बोलू.

खिडकीची_सीट: तुमचं चालू द्या. आम्हाला आत कोंबून "एटीसीमुळे उशीर" एवढंच सांगतात. गेल्या पावसाळ्यात दार लावून दीड तास बसवलं. शेजारच्या आजी गोळी घ्यायला पाणी मागत होत्या, तर "बस, निघतोच आहोत".

टॉवर_निवृत्त: "एटीसीमुळे" ऐकून कान किटले. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. पावसात उतरणाऱ्या विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं. दिल्लीहून सीटीओटी, म्हणजे उड्डाणाची ठरवून दिलेली वेळ, आलेला असतो, कंपनीला दिसत असतो. तरी बोर्डिंग कोण करतं? आम्ही?

रॅम्पवाला: कारण तोच सीटीओटी अचानक अलीकडेही सरकतो साहेब! वडापाव खायला पांगलेली पावणेदोनशे माणसं दहा मिनिटांत गोळा करून दाखवा.

टॉवर_निवृत्त: येतो अलीकडे, मान्य. म्हणून दीड तास कोंडायचं?

पिक्सेलपंत: बघा, प्रश्न शेवटी स्क्रीनवरच आला. वेळ अलीकडे यायची शक्यता किती, हे दाखवणारा रकाना हवा.

रॅम्पवाला: घाला. अजून एक रकाना, कुणी न बघायला.

खिडकीची_सीट: तो सीटीओटी गेटवरच्या बोर्डावर लावा ना सरळ!

टॉवर_निवृत्त: लावू की. तो दर पाच मिनिटांनी बदलायला लागला की काउंटरवर भांडायला पहिले तुम्हीच.

खिडकीची_सीट: भांडेनच. निदान उभ्यानं भांडेन, पट्टा लावून नाही.