चिपळूण : रुग्णसाहित्य केंद्र पुन्हा उभं करायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. 22 जुलै 2021 च्या पुरात वाशिष्ठी नदीचं पाणी आमच्या छोट्या केंद्रात शिरलं. इथून आम्ही रुग्णांना लागणारं साहित्य अनामत ठेवून घरी वापरायला देतो. व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्च्या धुऊन काढल्यात, तेलपाणी चालू आहे. कॉटच्या गाद्या गेल्याच. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारी यंत्रं) कोविडमध्ये लोकवर्गणीतून घेतले होते, त्यांच्या आत चिखल गेलाय. दुरुस्त करावेत की भंगारात द्यावेत? मला तर ते पुन्हा रुग्णाच्या नाकाला लावायची छाती होत नाही, पण कुणी जाणकार बायोमेडिकलवाला (वैद्यकीय यंत्रं दुरुस्त करणारा) असेल तर सांगा.

खरी अडचण आहे अनामतीच्या वहीची. कोणाच्या घरी काय दिलंय, कोणाचे किती पैसे आपल्याकडे आहेत, सगळं त्या एकाच वहीत. पानं चिकटलीत, शाई फुटलीय. ओढून सोडवायचा मोह आवरलाय. कुणी अशी वही वाचवली आहे का?

केंद्र चालवणाऱ्या आमच्या न्यासाच्या (ट्रस्टच्या) नोंदणीचे कागदही गेले. परिशिष्ट 1 चा उतारा (न्यासाच्या नोंदीची अधिकृत नक्कल) धर्मादाय कार्यालयातून पुन्हा काढताना प्रतिज्ञापत्र लागतं का?

कपडे, बिस्किटं कृपया नकोत, गावात ढीग लागलेत. वापरलेले वॉकर, एअरबेड चालतील. पैसे इतक्यात पाठवू नका, पावतीपुस्तकं नवी छापायची आहेत.